पाखाडी चढताना छाती भरून येते. शिमग्यानंतर दाखवलं तर चालेल?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४८. गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या वाडीत राहतो, हापूसची बाग आहे. दिवाळीत शुगर जरा वाढलेली निघाली म्हणून रोज सकाळी चालायला लागलो, पुढे पुळणीवर थोडं धावायलाही. सपाटीवर चालताना काही होत नाही. पण महिना-दीड महिना झाला, वाडीतून वर सड्यावर जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, भरभर चढलो किंवा धावलो की छाती मधोमध भरून येते. जांभ्याचा चिरा ठेवल्यासारखं वाटतं, कधी गळ्यापर्यंत, डाव्या जबड्यापर्यंत जातं. दुखतं असं नाही. दोन-तीन मिनिटं थांबलं की आपोआप जातं. आधी पाखाडीच्या टोकाला व्हायचं, आता निम्म्या वाटेवर होतं. जेवून चढलो तर हमखास. गॅसच्या गोळ्या झाल्या, ओवा-सोडा झाला. बाजारातल्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मित्र म्हणतात, सवय नाही म्हणून होतंय, धावत राहिलास की जाईल. तंबाखू आहे, कमी करतोय. वडील ५४व्या वर्षी अचानक गेले. व्यायाम चालू ठेवू का? शिमग्यात पालखी नाचवायचा आमच्या घराला मान आहे. हंगाम संपला की जूनमध्ये डोंबिवलीला भावाकडे जाऊन सगळं तपासून घेईन म्हणतो. चालेल ना?

(पत्राखाली वेगळ्या अक्षरात : हे माझं ऐकत नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. यांची पत्नी.)

सप्रेम नमस्कार.

नाही, चालणार नाही. जूनपर्यंत नाही आणि शिमग्यापर्यंतही नाही. हे उत्तर वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिपळूणला किंवा रत्नागिरीला, जिथे लवकर पोचाल तिथे, एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांना किंवा हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर धावणं बंद, पाखाडी बंद, पाठीवर पंप घेऊन मोहोराची फवारणी बंद. घरात-अंगणात सावकाश हिंडायला हरकत नाही. मात्र त्याआधी बसल्याजागी छाती भरून आली, तर सकाळची वाट न बघता १०८ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन करायचा.

इतकं ठाम का सांगतोय ते आता नीट सांगतो.

तुम्ही पत्रात लिहिलेलं एकेक वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. छातीच्या मधोमध दाब येतो. तो श्रम केल्यावरच येतो, थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत जातो. गळ्याकडे, जबड्याकडे सरकतो. जेवल्यावर चढ चढलात की हमखास येतो. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडायला लागलं की असंच होतं. याला अंजायना म्हणतात. इंग्लंडमधल्या विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांचं या त्रासाचं वर्णन १७७२ साली छापून आलं, आणि त्यात हेच आहे : चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यावर छातीत आवळतं, माणूस चालायचा थांबला की लगेच बरं वाटतं. तेव्हा ईसीजी नव्हता, रक्ताची तपासणी नव्हती. रुग्णाचं बोलणं लक्ष देऊन ऐकण्यावरच सगळं होतं. आजही अंजायनाचं निम्मं निदान रुग्णाच्या सांगण्यातूनच होतं, म्हणून तुम्ही इतकं नेमकं लिहिलंत ते फार बरं केलंत.

आत काय होतं ते थोडक्यात असं. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते कोरोनरी धमन्यांतून. या धमन्यांच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षं चरबीचे थर साचतात. धमनी साधारण ७० टक्क्यांपर्यंत अरुंद झाली तरी बसल्याजागी जेवढं रक्त लागतं तेवढं तिच्यातून जातं, म्हणून काही जाणवत नाही. चढ चढताना हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब वाढतो, स्नायूला कितीतरी जास्त रक्त हवं असतं, आणि ते मिळत नाही. जेवण झालेलं असेल तर त्याच वेळी आतड्यांनाही जास्त रक्त लागतं, म्हणजे हृदयावर दोन्हीकडून काम पडतं. तुम्ही थांबता, मागणी कमी होते, छाती मोकळी होते.

तुमचा ईसीजी नॉर्मल का आला, तेही यावरून कळेल. तो तुम्हाला निजवून काढला, आणि निजलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त पुरत होतं. अंजायनाच्या पुष्कळ रुग्णांचा आरामातला ईसीजी अगदी नॉर्मल असतो. 'ईसीजी नॉर्मल, म्हणजे हृदय ठीक' हा समज आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तो धोक्याचा आहे. नॉर्मल ईसीजीचा अर्थ एवढाच, की त्या मिनिटाला त्या कागदावर काही दिसलं नाही. तरी तो कागद जपून ठेवा आणि उद्या बरोबर न्या, कारण नव्या ईसीजीशी ताडून बघायला जुना फार उपयोगी पडतो. ते कागद थर्मल असतात, उन्हात आणि प्लास्टिकच्या पिशवीत पांढरे पडत जातात. आजच मोबाईलवर त्याचा फोटो काढा किंवा झेरॉक्स करून घ्या.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याने : आधी टोकाला व्हायचं, आता निम्म्या वाटेवर होतं. अंजायना महिनोन्‌महिने एकाच पातळीवर राहिला, तेवढ्याच श्रमाने आला आणि तेवढ्याच विश्रांतीने गेला, तर त्याला स्थिर अंजायना म्हणतात. त्यालाही उपचार लागतात, पण चार दिवसांनी अपॉइंटमेंट घेतली तरी बहुतेकदा चालतं. गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला, कमी-कमी श्रमात येणारा, जास्त वेळ टिकणारा किंवा बसल्याजागी येणारा अंजायना वेगळा. त्यात धमनीतला चरबीचा थर अस्थिर झालेला असू शकतो. तो फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, धमनी बंद होते, आणि त्यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. तुमचा त्रास महिना-दीड महिन्याचाच आहे आणि तो वाढतोय. म्हणून उद्या सकाळी.

दुसरं काही असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. जडशीळ क्रेट उचलून बरगड्यांचे स्नायू दुखावतात. तिथे बोटाने दाबलं की दुखतं, हात वर केला, कूस बदलली की कळ येते. अॅसिडिटीची जळजळ जेवल्यावर आडवं झालं की वाढते, आंबट पाणी वर येतं, आणि ती माणूस खुर्चीत बसलाय की पाखाडी चढतोय याच्याकडे बघत नाही. क्षणभर टोचून जाणारी, एका बोटाने दाखवता येणारी कळ बहुतेकदा हृदयाची नसते. रक्त कमी असलं, दमा असला किंवा हृदयाची झडप अरुंद झाली असली, तरी चढावर छाती भरून येऊ शकते. पण हे ठरवायचं ते तपासल्यावर. आधी गॅस समजून महिना काढायचा आणि नंतर हृदयाकडे वळायचं, हा क्रम उलटा आहे. गोळी घेतल्यावर बरं वाटलं हाही पुरावा धरू नका : गोळी घ्यायला तुम्ही थांबलात, बसलात, पाणी प्यायलात, तेवढ्यानेच अंजायना उतरतो.

वडिलांचं ५४व्या वर्षी जाणं डॉक्टरांना आवर्जून सांगा. वडील किंवा भावाला ५५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर घरातल्या पुढच्या माणसाचा धोका वाढलेला धरतात. त्यात शुगर आहे, तंबाखू आहे. चघळायचा तंबाखू आणि मिशरी यांनीही हृदयाला अपाय होतो, फक्त विडी-सिगारेटनेच होतो असं नाही. ४८ म्हणजे काही फार वय नाही, असंही मनात आणू नका. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं, की भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षाच्या आसपास येतो, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

उद्या डॉक्टरांसमोर बसल्यावर ते विचारतील, 'छातीत दुखतं का?' तुम्ही सवयीने 'नाही' म्हणाल आणि गाडी भलत्याच रुळावर जाईल. तेव्हा मला लिहिलंत तेच शब्द एका कागदावर उतरवून न्या. कुठे होतं, काय केल्यावर होतं, किती मिनिटांत जातं, कधीपासून आणि कसं वाढत गेलं. ते पुन्हा ईसीजी काढतील, रक्तातलं ट्रोपोनिन बघतील. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर काही तासांत ते रक्तात वाढलेलं दिसतं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतील. पुढे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, म्हणजे टीएमटी, किंवा सीटी अँजिओग्राफी किंवा थेट अँजिओग्राफी (धमन्यांत औषध सोडून त्यांची चित्रं काढणं), यातलं काय आधी ते त्यांना ठरवू द्या. एवढं मात्र करू नका : स्वस्तातलं चेकअप पॅकेज बघून परस्पर टीएमटीला उभे राहू नका. त्रास वाढत असताना ट्रेडमिलवर पळवणं धोक्याचं असतं, ती तपासणी कोणाला करायची आणि कोणाला नाही याचे नियम आहेत. कदाचित ते दोन दिवस दाखल व्हा म्हणतील. व्हा. बागेत फवारणीला दुसरा माणूस मिळेल.

'एकदा गेलो की स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घातल्याशिवाय सोडत नाहीत' या भीतीने कितीतरी माणसं आमच्याकडे उशिरा येतात. म्हणून हेही सांगतो. स्थिर अंजायनामध्ये अनेकांना गोळ्या, तंबाखूबंदी आणि शुगर-रक्तदाबाचा ताबा एवढ्यावर उत्तम ठेवता येतं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या मोठ्या चाचणीत असं दिसलं, की स्थिर रुग्णांमध्ये सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडणं) किंवा बायपास केल्याने, औषधांवर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा मृत्यू कमी झाले नाहीत. अंजायनाचा त्रास मात्र जास्त कमी झाला. मुख्य डावी धमनी अरुंद असेल, त्रास अस्थिर असेल किंवा अटॅकच आला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे अँजिओप्लास्टी किंवा बायपास जीव वाचवते. तुम्ही कुठल्या गटात आहात हे तपासल्याशिवाय मला कळणार नाही आणि तुमच्या मित्रांनाही नाही. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रुग्णालय योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता आपल्या कोकणाचं. इथे माझा जीव जास्त गुंततो, कारण आपल्याकडे हृदयाच्या आजाराइतकंच अंतर माणसाला मारतं.

खालची चिन्हं दिसली तर घरात चर्चा करत बसायचं नाही. थांबून पाच मिनिटं झाली तरी छातीचा दाब उतरत नाही. बसल्याजागी किंवा झोपेत दाब आला. दरदरून घाम फुटला, ओकारी आली, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. थांबल्यावरही दाब दंडात, पाठीत किंवा जबड्यात पसरत राहिला. यातलं काहीही झालं तर १०८. फोनवर वाडीचं नाव, कुठल्या फाट्यावरून आत वळायचं, जवळचं देऊळ किंवा शाळा, हे सांगा आणि एक माणूस फाट्यावर उभा करा. घरात मोबाईलची रेंज कुठल्या कोपऱ्यात येते, ते सगळ्यांना ठाऊक असू द्या.

रुग्णाला बसवायचं, पाणी पाजत बसायचं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं : त्याला पाखाडी चढू द्यायची नाही. आपली घरं खाली, गाडीचा रस्ता वर. छातीत दाब आलेला माणूस 'मी चालतो, मला काही झालं नाही' म्हणत पायऱ्या चढायला लागतो आणि गाडीच्या दारात कोसळतो, असं मी पाहिलंय. ज्या हृदयाला बसून रक्त पुरत नाही, त्याला सगळ्यात खडी वाट चढायला लावायची नाही. घरातली हातांची प्लास्टिकची खुर्ची घ्या, त्यात त्याला बसवा, चौघांनी चार पाय धरा आणि उचलून न्या. उतरता-चढता पाठ मागे रेलती ठेवा. शेजारच्या पोरांना हे आधी सांगून ठेवा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेणं नको, आणि रुग्णाने स्वतः गाडी चालवणं तर मुळीच नको. उद्या तुम्ही नुसतं दाखवायला जाताना हाच नियम : वाडीपर्यंत रिक्षा येण्याचा लांबचा रस्ता असेल तर तीच दारात बोलवा, नसेल तर खुर्ची काढा. लाज वाटेल, वाटू दे.

अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा कुठे रक्तस्राव नसेल, तर झटक्याची शंका आल्यावर अॅस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा चावून खायची. गिळायची नाही, चावायची. १०८च्या डॉक्टरांना फोनवर विचारून घेतलंत तर उत्तम. शेजाऱ्याकडची सॉर्बिट्रेट (धमन्या रुंदावणारी गोळी) जिभेखाली ठेवणं मात्र टाळा, ती तुम्हाला तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच. रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, आणि लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेतलेल्या माणसाला ती जिवावर बेतू शकते.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, असं झालं तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. दमलात तर दुसऱ्याने लागायचं.

आणि अटॅकचा रुग्ण घेऊन थेट मुंबईचा रस्ता धरायचा नाही. चाकरमान्यांच्या घरांत हा विचार पहिला येतो, कारण भाऊ तिथे, ओळखीचे डॉक्टर तिथे. पण गुहागरहून चिपळूणच सुमारे ४५ किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्याने, आणि मुंबई सात-आठ तासांवर. बंद पडलेली धमनी उघडायला पहिले दोन-तीन तास सोन्याचे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच लगेच द्यावं, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ते १२ तासांपर्यंत देता येतं, पण तास जातील तसा उपयोग घटत जातो. म्हणून आधी जवळच्या रुग्णालयात ईसीजी आणि इंजेक्शन, मग तिथून पुढे मोठ्या ठिकाणी. उद्या डॉक्टरांना हेही विचारून ठेवा : रात्री दोन वाजता असं झालं तर हे इंजेक्शन कुठे मिळेल, कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) कुठे चालू असते? उत्तर भिंतीवर लिहून ठेवा. डोंबिवलीच्या भावाला रिपोर्टचे फोटो पाठवा, तिथे दुसरं मत जरूर घ्या, पण ते पहिली तपासणी झाल्यावर.

व्यायामाबद्दल तुमच्या मित्रांचं सगळंच चुकलंय असं नाही. नियमित व्यायामाने अंजायना खरोखर कमी होतो. मघाशी ज्यांचं नाव घेतलं त्या हेबर्डन यांनीच एका रुग्णाची नोंद केली आहे : तो रोज अर्धा तास लाकूड कापत असे आणि जवळजवळ बरा झाला. पण आज आपण किती श्रम सोसू शकतो हे मोजून, औषधं चालू करून, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम वेगळा आणि छातीतल्या दाबावरून रेटून धावणं वेगळं. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टर सांगतील तेवढं सपाटीवर चालायला लागाल, पाखाडीही चढाल. अंजायनाच्या उपचारानंतर बागेतल्या कामाला परत लागलेली माणसं मी दरवर्षी बघतो.

पालखी मात्र यंदा तुमच्या खांद्यावर नको. ढोलाच्या ठेक्यावर, रात्रीच्या जागरणात, गर्दीत, पोटभर जेवून पालखी नाचवणं म्हणजे तुमची छाती भरून आणणाऱ्या साऱ्या गोष्टी एकाच वेळी. मान घराचा आहे. यंदा पुतण्या किंवा मुलगा खांदा देईल, तुम्ही दारात उभे राहून देवीची ओटी भरून घ्या. गावकऱ्यांना कारण सांगायला कचरू नका. तुमच्याच वाडीत आणखी एखाद्याची छाती चढावर भरत असेल आणि तो गप्प असेल, तर तुमचं ऐकून तोही दाखवायला जाईल.

शेवटच्या दोन ओळी ज्यांनी लिहिल्या त्या वहिनींसाठी. उद्या तुम्ही बरोबर जा. तुम्ही जे पाहिलंत ते सांगायला तुमचे यजमान विसरतील. आणि तुमचं स्वतःचंही बघा. बायकांना, आणि शुगर असलेल्या कोणालाही, हृदयाचा त्रास छाती न भरताही होतो : विहिरीवरून पाणी आणताना पूर्वी लागत नव्हता तेवढा दम लागतो, कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब येतो, मळमळतं. घरातलं काम उरकायचं म्हणून बायका हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. यातलं काही होत असेल तर त्याच डॉक्टरांना तिथेच सांगा, आणि होत नसलं तरी त्याच खेपेत तुमचा रक्तदाब, शुगर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.